तोतयांचा वाद्यवृंद

स्वस्त कीबोर्डवर वाद्यांची नावं छापण्याचं काम ज्याच्याकडे असेल, तो माणूस मनाचा फार उदार असला पाहिजे. 'व्हायोलिन' असं लिहिलेलं बटण दाबा आणि एक पट्टी दाबून बघा. जे ऐकू येतं त्याला व्हायोलिन म्हणायला त्या वाद्याशी पिढीजात वैर असावं लागतं. 'फ्लूट' म्हणजे तोच आवाज, फक्त जरा दमलेला. 'ट्रम्पेट' म्हणजे तोच, पण रागावलेला. 'ह्यूमन व्हॉइस' नावाचं एक बटण असतं, ते ऐकून आमच्या आत्याने स्वयंपाकघरातून "कोणाला बरं वाटत नाहीये?" असं विचारलं होतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया उभा राहिला, त्याने निदान कोकणातले काही किल्ले तरी घेतले. हे तोतये कोणालाही फसवू शकत नाहीत आणि नाव सोडायलाही तयार नाहीत.

तरीही संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पान वाढेपर्यंत मी दार लावून याच मंडळींबरोबर बसतो आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. माझी सामग्री अशी: कोणाच्या तरी मुलाने पाचवीत शिकायला घेतलेला आणि सहावीत सोडलेला एक कॅसिओ, एका ऑर्केस्ट्रावाल्याने मोडीत काढलेला यामाहा, आणि कंपनीचं नावच पुसलं गेलेला तिसरा एक. एकाकडून ठेका घ्यायचा, दुसऱ्याकडून खर्जातली चाल, तिसऱ्याकडून वरची सुरावट. एकेक करून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, एकावर एक चढवायचं आणि शेवटी सगळ्यावर भरपूर एको ओतायचा. एकोने पापं झाकली जातात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. गणपतीच्या मांडवात 'एका लहान मुलाची चप्पल सापडली आहे' हेसुद्धा आपण एको लावूनच सांगतो. बायको या सगळ्या उद्योगाला "तुमचं ते टुंई-टुंई" म्हणते. व्याख्या म्हणून ती इतकी नेमकी आहे की मला आजवर तिच्यात दुरुस्ती सुचलेली नाही.

कच्चा माल पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथला संवाद साधारण ठरलेला असतो.

"चालू आहे का?"

"एकदम ओके माल आहे, साहेब."

"लावून दाखवा की."

"सेल नाहीत."

"अडॅप्टर?"

"याचा अडॅप्टर वेगळा येतो."

"मग चालू आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"बंद असता तर बंद आहे असं सांगितलं नसतं का!"

या युक्तिवादापुढे न्यायशास्त्र थांबतं. पट्टी तुटलेली दाखवून भाव पाडावा, तर "बाकीच्या साठ आहेत की!" असं उत्तर येतं. मुरलेली गिऱ्हाइकं म्हणून पिशवीतून स्वतःचे सेल घेऊन येतात. पेन्सिल सेल वेगळे, जाडे वेगळे. त्यांच्या पिशवीचा फुगवटा बघून विक्रेता आधीच भाव वाढवतो.

ही स्वस्त कीबोर्डांची जात जन्माला कशी आली, याची हकिकत मोठी गमतीची आहे. कॅसिओ ही काशिओ नावाच्या चार भावांची कंपनी. थोरले तादाओ यांनी 1946 साली तोक्योत कारखाना काढला, आणि त्यांचं सुरुवातीचं गाजलेलं उत्पादन होतं सिगारेट धरायची अंगठी. युद्धानंतरच्या टंचाईत सिगारेट शेवटच्या झुरक्यापर्यंत ओढता यावी आणि हातही मोकळे राहावेत, अशी सोय. काटकसर हा त्या घराण्याचा गुणधर्म तेव्हापासूनचा. त्या अंगठीच्या पैशांतून पुढे गणकयंत्रं आली, आणि 1972 साली 'कॅसिओ मिनी' नावाचं यंत्र त्यांनी एवढं स्वस्त केलं की कॅल्क्युलेटर ऑफिसातून घरात आला. तादाओंचे भाऊ तोशिओ हे शोधक वृत्तीचे आणि संगीताचे शौकीन. आकड्यांसाठी जी चिप स्वस्त झाली आहे, तिलाच गायला का लावू नये, असा विचार त्या घरात झाला, आणि 1980च्या जानेवारीत पहिला कॅसिओटोन बाजारात आला. हिशेबनिसाच्या पोटी गवई यावा, तसं काहीतरी झालं.

पोर बापावर गेलंय हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते 'व्हीएल-1'मध्ये. हे यंत्र कॅल्क्युलेटरही आहे आणि वाद्यही. एका टोकाला बेरीज-वजाबाकी, दुसऱ्या टोकाला बटणाएवढ्या 29 पट्ट्या. एका वेळी एकच सूर वाजतो, म्हणजे शिस्त चांगली. ठेके दहा: मार्च, वॉल्ट्झ, फोर बीट, स्विंग, दोन प्रकारचे रॉक, बोसानोव्हा, सांबा, रुंबा आणि बेगिन. केरवा नाही, दादरा नाही. पुढे भारतासाठी तबला-तानपुऱ्याची खास मॉडेलं निघाली, पण तोवर आपल्या लोकांनी वॉल्ट्झवर दादऱ्याची सोय लावून घेतली होती. बेगिन मात्र कशालाच लागू पडला नाही. तो प्रत्येक स्वस्त कीबोर्डवर होता, आणि तो कोणी कशासाठी वापरला हे विचारलं तर ऑर्केस्ट्रातले जुने वादकही विषय बदलतात.

व्हीएल-1ची खरी गंमत मात्र पुढे आहे. त्यात आपल्याला हवा तसा आवाज घडवता येतो, आणि तो घडवायचा कॅल्क्युलेटरवर. आठ अंकी आकडा टाइप करून मेमरीत ठेवायचा, की तोच आकडा आवाज होऊन वाजतो. पहिला अंक आवाजाची जात ठरवतो: 0 म्हणजे पियानो, 1 म्हणजे फँटसी, 2 म्हणजे व्हायोलिन, 3 म्हणजे फ्लूट, असं पुढे. नंतरचे अंक आवाज किती चटकन उठावा, किती रेंगाळावा, कसा विरावा हे सांगतात, आणि शेवटचे दोन त्याला कंप देतात. ठाण्याच्या एका मित्राकडे हे यंत्र आहे. आता आठ अंकी आकडा म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार? आम्ही ओळखीच्यांचे लँडलाइन नंबर टाकून पाहिले. पुण्या-मुंबईचे सरकारी टेलिफोनचे नंबर 2ने सुरू होतात, त्यामुळे सदाशिव पेठेपासून दादरपर्यंत एकूण एक माणूस व्हायोलिन निघाला. फरक फक्त स्वभावाचा. मित्राचे सासरे पटकन चढतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत. माझ्या जुन्या साहेबांच्या नंबरात शून्यं फार, ते 'टक्' होऊन संपले. कुंडली जुळवणाऱ्यांनी हे यंत्र जवळ ठेवायला हरकत नाही.

या यंत्राला कोणी गंभीरपणे घेणार नाही असं वाटत असतानाच 1982 साली जर्मनीत ट्रिओ नावाच्या तीन जणांच्या बँडने 'दा दा दा' हे गाणं काढलं. त्यातला टुक-टिक ठेका म्हणजे व्हीएल-1चं 'रॉक-1' हे बटण. गाण्याचा निर्माता क्लाउस फोरमान, म्हणजे बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं मुखपृष्ठ काढणारा आणि पुढे जॉन लेननबरोबर बास वाजवणारा माणूस. इतकं सगळं पाहून झाल्यावर तो कॅल्क्युलेटरच्या साथीला येऊन बसला. गाणं देशोदेशी गाजलं. त्याआधीच्या वर्षी क्राफ्टवेर्क या जर्मन मंडळींनी खिशातल्या कॅल्क्युलेटरवरच गाणं केलं होतं, आणि ते जर्मन, इंग्रजी, फ्रेंच व जपानी अशा चार भाषांत गायलं होतं. मराठीत गायचं राहिलं.

मला स्वतःला जास्त जवळचा वाटतो तो कॅसिओचाच 'एसके-1'. 1980च्या दशकाच्या मध्याला आलेलं हे खेळणं आवाज पकडू शकत असे. बाजूला छोटा माइक, त्यात काहीही बोला, ते पट्ट्यांवर वाजवा. त्या काळी हे काम करणाऱ्या मोठ्या यंत्रांना मोटारीएवढे पैसे पडत. अट एकच: पकडलेला आवाज 1.4 सेकंदांचा. आता 1.4 सेकंदांत मराठी माणसाला काय सांगता येतं? 'नाही म्हणजे मी काय म्हणतो' एवढ्यातच वेळ संपतो, आणि काय म्हणतो ते मेमरीत येत नाही. कुकरची शिट्टी पुरी मावत नाही, फक्त तिचा संताप मावतो. आमच्या गल्लीतल्या भाजीवालीची 'मेथीऽऽ' मावते. वरच्या पट्टीवर ती लहान मुलगी होते, खालच्या पट्टीवर कीर्तनकार होते, आणि चार पट्ट्या एकदम दाबल्या की मेथीचं समूहगान होतं. चारच, कारण पाचव्या सुराची सोय यंत्रात नाही. पाचवी मेथी आली की पहिली गुपचूप बाहेर जाते. शिवाय आवाजातली वरची सगळी चकाकी यंत्र कापून टाकतं, कारण ते सेकंदाला साडेनऊ हजारांहूनही कमी वेळा आवाजाची नोंद घेतं. त्यामुळे कोणीही बोललं तरी एसटी स्टँडवरून बोलल्याचा भास होतो. सेल काढले की सगळं विसरतं, हा त्याचा आणखी एक मोठेपणा.

पाहुण्यांना या यंत्रात रस वाटतो तो मात्र वेगळ्याच बटणासाठी. 'डेमो' नावाचं एक बटण जवळजवळ प्रत्येक स्वस्त कीबोर्डवर असतं. ते दाबलं की यंत्र स्वतःच वाजायला लागतं. एसके-1मध्ये 'टॉय सिंफनी' वाजते. मी तासभर खपून केलेली रचना ऐकताना ज्यांनी पोह्यांच्या बशीवरून मान वर केली नाही, त्यांच्या चिरंजीवाने डेमो दाबल्यावर त्यांनीच टाळ्या वाजवल्या. "बघ, किती सुंदर वाजतं! तुम्ही हे का नाही वाजवत हो?"

हे असं सगळं असलं, तरी या तोतयांनी एकदा खरोखर राज्य घेतलं. ते राज्य जमैकाचं.

हिरोको ओकुदा नावाची मुलगी 1980 साली कॅसिओत लागली. संगीत महाविद्यालयातून निघालेली, आणि प्रबंध लिहिला होता जमैकाच्या रेगे संगीतावर. त्या काळच्या जपानात हा विषय घेणं म्हणजे पुण्यात कीर्तन सोडून कव्वालीवर प्रबंध लिहिण्याइतकं धाडस. कंपनीने तिला काम दिलं 'एमटी-40' या कीबोर्डचे तयार ठेके बनवायचं. त्यात 'रॉक' नावाच्या बटणासाठी तिने एक ठेका आणि त्याला जोडून खर्जातली चाल रचली. पुढे ती सांगत असे की डोक्यात ब्रिटिश रॉक होतं. पण मनात रेगे इतका मुरलेला, की बटणावर नाव रॉकचं आणि आत भलताच जीव. 1981 साली ते यंत्र विक्रीला आलं, आणि लोकांनी त्यावर 'हॅपी बर्थडे' वाजवलं.

मग यातलं एक यंत्र फिरत फिरत किंग्स्टनला नोएल डेव्ही नावाच्या वादकाच्या हाती पडलं. तो आणि गायक वेन स्मिथ बटणं दाबत बसले असताना तो 'रॉक' त्यांच्या कानावर आला. ते यंत्र घेऊन ते निर्माता किंग जॅमीकडे गेले. जॅमीने काय केलं? वेग कमी केला. बस्स. बाकी जवळजवळ सगळं बटणातलंच. त्यावर वेन स्मिथने गायलेलं 'अंडर मी स्लेंग टेंग' 1985च्या फेब्रुवारीत किंग्स्टनमध्ये एका साउंड क्लॅशमध्ये वाजलं. साउंड क्लॅश म्हणजे दोन साउंडवाले स्पीकरच्या भिंती उभारून समोरासमोर भिडतात आणि गर्दी ज्याच्या बाजूने ओरडेल तो जिंकतो. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर उभं राहिलेल्यांना जास्त समजावून सांगायला नको. त्या रात्री स्लेंग टेंगने समोरच्याचा धुव्वा उडवला.

नंतर जे झालं ते त्याहून मोठं. तोवर रेगे म्हणजे ड्रम आणि बास वाजवणारी जिवंत माणसं. आता एक बटण आलं, आणि शेकडो गाणी त्याच एका चालीवर निघाली. वादकांची कामं गेली, त्यांनी तक्रारी केल्या, आणि त्या तक्रारी खोट्या नव्हत्या. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात अकॉर्डियनवाला, क्लॅरिनेटवाला आणि दोन व्हायोलिनवाले यांच्या खुर्च्या एकटा कीबोर्डवाला घेऊन बसला, तेव्हा जे झालं तेच. फरक इतकाच, की आपल्या कीबोर्डवाल्याला मूळ गाण्यातला प्रत्येक तुकडा जसाच्या तसा काढावा लागे, नाहीतर लग्नातले मामा मंचापाशी येऊन सांगत, "ते मधलं म्युझिक राहिलं!" जमैकाच्या मंडळींनी मूळ काय आहे याची फिकीरच केली नाही. त्यांनी बटणावरचं नाव वाचलं नाही, आवाज ऐकला. माझ्या मते संगीतातल्या निम्म्या क्रांत्या सूचनापुस्तिका न वाचल्याने झाल्या आहेत.

ओकुदाबाईंना हे एका जपानी संगीत मासिकातून कळलं. कंपनीने त्या चालीसाठी कोणाकडे पैसे मागितले नाहीत. त्या पुढेही तिथेच नोकरी करत राहिल्या. ज्या चालीवर एका देशाचं संगीत फिरलं, ती चाल त्यांनी पगारात केली होती, हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा आमच्या युनियनचे सेक्रेटरी बराच वेळ अस्वस्थ होते.

यावर "आपल्याकडे असं काही नाही" असा सुस्कारा टाकायची सवय मराठी वाचकाला आहे, म्हणून मुंबईची एक गोष्ट सांगतो. 1982 साली चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट' नावाची रेकॉर्ड केली. त्यांची यंत्रं रोलंड कंपनीची. ज्युपिटर-8 हा कीबोर्ड चांगलाच महाग, पण त्याच्या शेजारची टीबी-303 ही छोटी पेटी मात्र आमच्या जातकुळीतली. बासवादक हजर नसेल तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी ती बनवली होती. अर्थात तिचा आवाज कोणत्याही बासवादकाशी जुळत नव्हता. वर तिच्यात आधी नुसते सूर भरायचे आणि मग त्यांची लय वेगळी भरायची. सूर आणि लय एकमेकांपासून सोडवता येत नाहीत असं आमचे गुरुजी सांगत आले, ते या कंपनीने सोडवून दाखवले. यंत्र पडलं, 1984 साली बंद झालं आणि जुन्या मालाच्या दुकानांत कवडीमोल विकलं गेलं.

पण तिच्यात एक गुण होता. एका सुरावरून दुसऱ्यावर ती घसरत जाऊ शकत असे. मींड! आपल्या संगीताला जे लागतं नेमकं तेच. मींड येत नाही या आरोपावरून आकाशवाणीने बिचाऱ्या बाजाच्या पेटीला 1940 ते 1971 स्टुडिओबाहेर उभं केलं, आणि तीच मींड या बिनभात्याच्या डबीत सापडली. सिंगसाहेबांनी तिच्यावर ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर चढवले. सुरुवात कशाने केली असेल? भैरवीने. मैफल जिने संपवायची तिनेच आरंभ. पहिल्याच ट्रॅकला चपला शोधायला उठलेला श्रोता पुढचे नऊ राग उभ्यानेच ऐकणार. रेकॉर्ड फारशी खपली नाही यात नवल नाही. पुढे शिकागोत काही तरुणांनी तीच टाकून दिलेली 303 स्वस्तात घेतली, तिचे खटके नको तितके फिरवले, आणि 1987 साली त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं संगीत निघालं. मग 2010 साली सिंगसाहेबांची रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि युरोप चकित झाला, कारण मुंबईत हे पाच वर्षं आधी होऊन गेलं होतं. सत्तरी उलटल्यावर त्यांना तिकडच्या कार्यक्रमांची बोलावणी आली. 2015 साली ते गेले.

काही जणांचं यंत्र जसं आहे तसं वाजवून समाधान होत नाही. ते उघडून आतल्या तारा नको तिथे जोडतात. रीड गझाला या अमेरिकन तरुणाचा एक छोटा अँप्लिफायर 1960च्या दशकात टेबलाच्या खणातल्या धातूला चिकटून शॉर्ट झाला आणि विचित्र गाऊ लागला. त्यातून 'सर्किट बेंडिंग' ही कला निघाली. आपल्याकडे शॉर्ट सर्किट हे फक्त गोदामाला आग लागल्यावर बातमीत येतं. तुम्हाला हौस असेलच, तर सेलवर चालणारं यंत्र घ्या. भिंतीतल्या विजेशी असले लाड करू नका. सांगायचं राहिलं असं व्हायला नको.

आता गंमत अशी की हे सगळे दोष विकत मिळतात. कॉम्प्युटरवर संगीत करणाऱ्यांसाठी स्वस्त कीबोर्डचा खरखरीत, चेपलेला आवाज हुबेहूब काढणारी सॉफ्टवेअरं निघाली आहेत. व्हायोलिनचा तोतया, आणि आता त्या तोतयाचा तोतया. आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा पुण्यात साउंड इंजिनिअरिंग शिकतो. त्याने पैसे मोजून असं सॉफ्टवेअर घेतलं आणि मला कौतुकाने ऐकवलं. भिंतीपलीकडून इतकी वर्षं हाच आवाज त्याला फुकट येत होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या वडिलांनी सांगितलं.

तेव्हा एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून असा एखादा कीबोर्ड निघाला, तर तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका, प्लास्टिकच्या भावात जाईल. आधी मागचं झाकण उघडा. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल फुटून हिरवी-पांढरी बुरशी धरली असेल, तर ती व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा. काही पट्ट्या वाजत नसतील तर घाबरू नका. बहुतेक वेळा आतल्या रबराखाली धूळ बसलेली असते, ती स्पिरिटने निघते. नवे सेल घाला, 'व्हायोलिन' दाबा आणि ते व्हायोलिन आहे हे विसरून अर्धा तास वाजवा. आवडलं तर उत्तमच. नाही आवडलं आणि परत माळ्यावर टाकणार असाल तर टाका, पण सेल तेवढे काढून ठेवा.